तीन इंच वजा

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचतो. म्हणजे आकडा वाचण्याचा मला पगार मिळतो. तरीही मामाच्या वर्कशॉपच्या दाराची उंची मी चुकवली.

मामाच्या टेपाचे पहिले तीन इंच केव्हाच तुटून गेले आहेत. तो टेप सुरूच होतो तीनपासून, त्यामुळे त्याने काहीही मोजलं की तीन वजा करायचे. हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. पण त्या शनिवारी माझ्या एका हातात टेप होता आणि दुसऱ्या हातात फोन.

"किती?" मामाने गाडीखाली शिरायच्या खड्ड्यातून विचारलं.

"शहाऐंशी."

"वजा करून?"

"हो हो, करून," असं मी ठोकून दिलं.

शहाऐंशी म्हणजे सोयीचा आकडा होता. बाहेर उभी असलेली गाडी ब्याऐंशी इंच उंच होती. ती आणखी तीन इंच उचलायची होती. पंच्याऐंशी झाली तरी वर इंचभर जागा राहत होती. मग गाडी आत घ्यायला हरकत काय? एरवी त्या दारातून बुटक्या गाड्या ये-जा करायच्या, उंचीचा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. मामाने गाडी उलटी आत घ्यायला सुरुवात केली आणि मी समोर उभा राहून "या, या, या, बस" केलं. गाडीच्या टपात आणि दाराच्या तुळईत बोटभर अंतर होतं. ते मी पाहिलं आणि मनात म्हटलं, वा, काय नेमकी बसली.

गाडी जमीन मोजणाऱ्या एका बाईंची होती. चार महिने त्यांचा मुक्काम डोंगरात पडणार होता. तिथले रस्ते म्हणजे नुसते दगड, म्हणून गाडीला लिफ्ट किट घालून पोट वर उचलायचं होतं. बाईंनी मामाचं काम आधीही पाहिलेलं. त्या म्हणाल्या, "सोमवारी सकाळी आठला निघायचं. मुक्कामावर गाड्या सांभाळायला माणूस हवाय. तुम्हीच का येत नाही?"

मामा "बघतो" म्हणाला. पण त्याच दुपारी त्याने मामीला माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

हे केवढं मोठं होतं ते कळायला मामा ठाऊक हवा. बावीस वर्षांपूर्वी तो या घरात जावई म्हणून आला तो सहा आठवड्यांसाठी. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, हात मोडला होता. हात जुळेपर्यंत वर्कशॉप सांभाळायचं एवढंच ठरलेलं. हात सहा आठवड्यांत जुळला. मामा अजून तिथेच आहे. मधल्या काळात आबांच्या हातावरून दुखणं डोळ्यांवर गेलं, डोळ्यांवरून गुडघ्यांवर. तीन वर्षांपासून ते माडीवरून खाली उतरलेले नाहीत. दाराच्या बरोबर वरच्या खोलीत त्यांची खाट आहे आणि खाटेशी काठी. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे "कोण आलंय?" आणि तीन म्हणजे "वर या, जावईबापू." बावीस वर्षांत 'जावईबापू'मधला टोमणा काही झिजला नाही.

मामा कधी कुठे गेला नाही, पण गाडी खड्ड्यावर घेतली की तिच्या पोटाची माती नखाने खरवडून सांगायचा, "ही नदीकाठाने आलीय." किंवा, "ही खाणीकडे गेली होती, बघ, पांढरी भुकटी." मुलूख त्याला पाठ होता, फक्त खालून.

शनिवार-रविवार आम्ही राबलो. म्हणजे तो राबला, मी पाने दिले. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं उतरवली, स्प्रिंगचे जुने पाटे सोडवले. त्यांचे बोल्ट इतके गंजलेले की मामाने दोन करवतीने कापले. नवे पाटे जाडजूड आणि चांगले वाकदार होते. त्यांना लांब यू-बोल्ट, लांब शॉकअप, ब्रेकला लांब पाइप. मी एक नट जोर लावून आवळायला घेतला तर मामाने हात धरला.

"गाडी हवेत आहे तोवर हा पूर्ण आवळायचा नाही. चाकांवर वजन येऊ दे. आधी आवळलास तर आतलं रबरी बुश पिळवटतं, मग जन्मभर कुरकुरतं."

"आबांसारखं?"

"हळू बोल. कान शाबूत आहेत त्यांचे."

वरून दोन ठोके पडले.

रविवारी पाच वाजता गाडी चाकांवर उतरली. मामाने सगळे नट आवळले, हात पुसले आणि एक चक्कर मारून यावं म्हणून सुरू केली. मीच पुन्हा समोर. "या, या..." आणि कर्र्र. टपाची कड तुळईला भिडली होती.

मामा उतरला. टेप घेऊन दार मोजलं. मग गाडी मोजली. ओठ हलताना दिसले, वजाबाकी चाललेली.

"दार त्र्याऐंशी आहे," तो म्हणाला. "तीन कुठे गेले?"

"राहिले."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "मामा, उद्याच्या उद्या नवा टेप आणून देतो तुला."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त गाडीच्या मागच्या सीटखाली पाहिलं. त्याची बॅग तिथे आधीच ठेवलेली होती.

तुळई कापायची सोय नव्हती, तिच्यावर आबांची खोली उभी होती. शिवाय ती आबांनी स्वतः बसवलेली. विचारायला मी वर गेलो तर म्हणाले, "आधी मला कापा." छोटी चाकं लावावीत तर त्यांची भोकं जुळेनात. पाटे परत उतरवायचे तर सोमवारची दुपार उजाडणार. मामाने शटर ओढून घेतलं. आत ती उंच गाडी, बाजूला मामा, वर काठी. भिंतीतून वाट काढायला बघणाऱ्या बैलासारखी गाडी दाराला नाक लावून उभी होती.

सोमवारी सातला बाई ड्रायव्हर घेऊन हजर. मामाने चारी टायरांची हवा सोडली, गाडी सव्वा इंच बसली. पाऊण इंच बाकी.

"वजन घाला आत," मामा म्हणाला. "माणसं."

मामी बसली. शेजारचा शिंपी बसला, ऐवज भरघोस. त्याची बायको म्हणाली, "आज याचा काहीतरी उपयोग झाला." इस्त्रीवाला बसला. मी बसलो. बाईंचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर होताच. मामा खाली वाकून टप आणि तुळई बघत होता.

"अजून एक पाहिजे. दोरीभर राहिलंय."

बाईंनी आपण होऊन पाय उचलला तेवढ्यात वरून तीन ठोके. खिडकीतून आबा सगळं पाहत होते.

"मी बसतो," ते ओरडले. "तुळई माझी आहे. तिला ओरखडा पडतो का ते मी बघणार."

चौदा पायऱ्या, एक माणूस कसाबसा मावेल एवढा जिना. मामा वर गेला आणि आबांना पाठुंगळी घेऊन आला. म्हातारा डोळे मिटून होता. पुढच्या सीटवर बसवला, गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी उगाच मुंड्या खाली घातल्या, जणू आमचीच डोकी आपटणार होती. कुठेही कर्र झालं नाही. गाडी रस्त्यावर आली.

शिंप्याने टाळ्या वाजवल्या. मामाने पंप लावून हवा भरायला घेतली आणि मी पहिल्यांदा त्याला शीळ घालताना ऐकलं. आबा सीटवरून रस्ता बघत होते. "कोपऱ्यावरचं झाड कधी तोडलं? पाटी रंगवायला झालीय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "इथे ऊन चांगलं येतं."

पावणेआठ झाले.

"तुम्ही निघा," मामी मामाला म्हणाली. "आबांना आम्ही नेतो वर."

आम्ही म्हणजे मी. आबांना पाठीवर घेतलं आणि तीन पायऱ्या चढलो. चौथीवर माझा गुडघा भिंतीला लागला, आबा किंचाळले, "अरे, पाडतोय हा! याला पायऱ्या माहीत नाहीत!" शिंप्याला डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केलेली, इस्त्रीवाला आबांपेक्षा किरकोळ. मामा आला, माझ्या पाठीवरून त्यांना आपल्या पाठीवर घेतलं आणि न थांबता वर गेला. मी मागोमाग.

मामाने त्यांना खाटेवर टेकवलं. पण आबांनी त्याची कॉलर सोडली नाही.

"संध्याकाळी परत खाली नेशील का रे?"

बावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून मामाला 'रे' ऐकलं नव्हतं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खाली हॉर्न वाजला.

"आबा, मी आज..." मामाने सुरुवात केली.

"अर्धा तास बसेन. जास्त नाही."

दुसरा हॉर्न वाजला. मामा खिडकीशी गेला, तुळईच्या वर, आणि वाकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही व्हा पुढे. मी दुपारच्या गाडीने येतो."

गाडी वळली तेव्हा बॅगेची आठवण कुणालाच झाली नाही.

त्या दुपारी तो गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाच वाजता तो आबांना खाली आणतो, पाटीखाली खुर्चीवर बसवतो, साडेपाचला वर नेतो. अर्ध्या तासाचा आता पाऊण तास झालाय. तिसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. गाडी बकरीसारखी चढते, म्हणाल्या, आणि तुमची बॅग सीटखाली आहे, पाठवू का?

"राहू दे," मामा म्हणाला. "तेवढी तरी फिरून येईल."

खरा आकडा सांगितला असता, तर मामाने ते काम समोरच्या मोकळ्या जागेत केलं असतं, गाडी सोमवारी आठला निघाली असती आणि आबा वरून नुसती काठी आपटत राहिले असते. हे मला कळतं. मामालाही कळतं. परवा गेलो तर नव्या फळीसाठी भिंत मोजत होता. टेप लावला, ओठ हलवले.

"वजा केलेस का?" मी विचारलं.

"माझे मी करतो," तो म्हणाला. "तू तो नवा टेप आण."

हार्डवेअरचं दुकान माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. रोज दोनदा त्याच्यावरून जातो. टेप अजून आणलेला नाही.