रुसलेली मिशी
सोनाराच्या तागडीत लाल गुंज दिसली की मला माझी मिशी आठवते. ठाण्याच्या कचेरीत मी नुकताच कारकून झालो होतो, आणि चाई पडून माझी डावीकडची अर्धी मिशी झडली होती. वडिलांनी मला कल्याणला एका वैद्यबुवांकडे नेले. “दुसरी अर्धी कोणाला देऊन आलात?” असे त्यांनी प्रथम विचारले, मग कातडी दाबून पाहिली आणि ठामपणे सांगितले, “मुळे मेलेली नाहीत, रुसली आहेत. जळवा लावू, नाहीतर गुंजेचा लेप देतो. पण चाई पसरते आहे. मिशी पुरती उतरवावी लागेल.” मी लेप पत्करला. खलात गुंजा घोटल्या जाऊ लागल्या. मिशी उतरवायला बोलावलेल्या न्हाव्याने मात्र वस्तरा खाली ठेवला. “दादा, बाप गेल्यावर उतरवायची मिशी मी आज कशी उतरवू? लोक दुखवट्याला येतील हो!” वडील उठले आणि माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसले. “उतरव रे. जे येतील त्यांना माझ्याकडे धाड. मेलेला माणूस इतके बोलत नाही.” लेपाने ओठ आठवडाभर जळत राहिला. दोन महिन्यांनी पांढरी लव उगवली आणि पुढे तिचेच काळे केस झाले. वैद्यबुवांचे निदान अचूक होते. आज ती मिशी वयाने पिकली आहे. तिला वस्तरा दोनदाच लागला. दुसऱ्या वेळी न्हाव्याने काही विचारले नाही, आणि शेजारचा पाट रिकामा होता.