आदरार्थी डुक्कर

चँडलर, ॲरिझोना आणि पंचक्रोशीतल्या समस्त मराठी मंडळींना कळवण्यात येते, की आमचे सासरे अप्पा हयात आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत असून भूक त्याहून ठणठणीत आहे. मध्यंतरी एका मंगळवारी सकाळी ते साधारण पाऊण तास नव्हते. त्या पाऊण तासाची जबाबदारी माझी, आणि थोडीफार मराठी व्याकरणाची.

झालं ते असं. आमची ईशा सतरा वर्षांची होणार होती आणि वाढदिवसाला तिला ना केक हवा होता, ना हॉटेल. तिला हवं होतं घरी केलेलं पुल्ड पोर्क.

"आई, एव्हरीवन्स मॉम मेक्स इट. इट्स सो ईझी! स्लो कुकरमध्ये टाकायचं अँड यू जस्ट लीव्ह!"

'यू जस्ट लीव्ह' हे ऐकून मी विरघळलेच. वीस वर्षं मी या देशात राहतेय, पण स्वयंपाक लावून खुशाल ऑफिसला निघून गेलेली बाई मी आमच्या सात पिढ्यांत पाहिली नव्हती. तो मान मला मिळणार! मी लगेच हो म्हटलं. मग आठवलं, की घरात सासूबाई आहेत.

आई-अप्पा दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे येतात. (हो, ॲरिझोनात उन्हाळ्यात. तिकीट स्वस्त असतं.) आमच्याकडे मासे चालतात, मटण तर रविवारी पळतं. पण हा प्राणी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेला नव्हता.

"पुल्ड म्हणजे काय गं?" आईंनी विचारलं.

"ओढलेलं."

"कुणी ओढलं?"

"आपणच ओढायचं, आई. आठ तास शिजलं की काट्यानं सोडवायचं आणि पावात भरायचं."

"शिट्ट्या किती?"

"शिट्टी होत नाही त्याला."

"शिट्टी नाही? मग कळतं कसं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं! पण नातीच्या चेहऱ्याकडे बघून आई पाघळल्या. दोनच अटी घातल्या. एक, त्यांच्यासमोर त्या प्राण्याचं नाव घ्यायचं नाही. दोन, मंडळात कुणाला कळता कामा नये.

दुसरी अट फार महत्त्वाची होती. दोन आठवड्यांवर गणपती आला होता, आणि चार वर्षं वाट बघितल्यावर मंडळाच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक यंदा पहिल्यांदा आईंकडे आले होते. ते देणाऱ्या अध्यक्षा म्हणजे सरनाईक काकू. तीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या, तेव्हापासून इथला गणपती त्यांच्या परवानगीशिवाय मखरात बसत नाही. "ज्या ओट्यावर ते शिजलं तिथे नैवेद्याचे मोदक वळले, असं त्यांच्या कानावर गेलं तर संपलंच," आई म्हणाल्या. त्या मोदकांसाठी बाईंनी पुण्याहून येताना बॅगेत साड्या कमी आणि आंबेमोहोराची पिठी जास्त भरली होती. त्यामुळे मी देवासमोर उभं राहून शब्द दिला.

आता व्याकरण. आई नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीतल्या. अप्पांचं खरं नाव मी त्यांच्या तोंडून फक्त उखाण्यात ऐकलंय. एरवी अप्पा समोर असले की 'हे' आणि नजरेआड गेले की 'ते'. नाव न घेता बोलायची त्यांना पंचेचाळीस वर्षांत ही एवढी एकच रीत ठाऊक. त्यामुळे डुकराचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर त्यालाही आपोआप आदरार्थी बहुवचन मिळालं!

"ते आले का?" मी दुकानातून पिशवी घेऊन आले की दबक्या आवाजात प्रश्न. "कुठे ठेवलेस त्यांना? माझ्या दह्याशेजारी नकोत हं!"

ईशा हसून लोळायची. "आजी, व्हाय आर यू बीइंग सो पोलाइट टू इट?"

मंगळवारी सकाळी साडेआठला मी 'त्यांना' मसाला चोळला, कुकरमध्ये निजवलं, बटण दाबलं आणि झाकणावर पिवळा कागद चिकटवला: 'कुणीही हलवू नये.' नवरा समीर त्याच्या चिपच्या फॅक्टरीत गेला, ईशा शाळेत गेली आणि मी, स्वयंपाक करून मोकळी झालेली बाई, गाडीत गाणं गुणगुणत ऑफिसला गेले.

अप्पा वीजखात्यातून निवृत्त झालेत. अमेरिकेत त्यांना एकच गोष्ट खटकते: इथे भिंतीतल्या प्लगला बटण नसतं. त्यामुळे घराबाहेर पडताना ते दिसेल तो प्लग उपटूनच काढतात. त्या दिवशीही नऊ वाजता त्यांनी शिस्तीत सगळे प्लग उपटले आणि क्लबहाऊसच्या एसीत चालायला गेले. स्वतःचा फोन घरीच ठेवून, कारण "बाहेर नेला की हरवतो."

दहा वाजता आई स्वयंपाकघरात आल्या. भांडं गार. पण हलवायचं नाही, असा लेखी हुकूम! त्यांनी मला व्हॉट्सॲपवर निरोप बोलून पाठवला. आमच्या घरच्या ग्रुपचं नाव 'घर'. चँडलरच्या ज्येष्ठांच्या ग्रुपचं नाव 'घरोबा'. आईंचा चष्मा वरच्या मजल्यावर होता.

अर्ध्या तासानं मला सरनाईक काकूंचा फोन आला.

"मधुरा, गाडी चालवत नाहीयेस ना? बसून घे आधी."

"बसलेय काकू, मीटिंगमध्ये."

"वहिनींचा निरोप ऐकलास?"

"नाही. का?"

"ऐकवते. खंबीर राहा."

आणि आईंचा कापरा आवाज आला: "अगं, मला काही लक्षण बरं दिसत नाही. ते सकाळपासून तसेच पडलेत. वरून हात लावून पाहिला तर गारढोण! आवाज नाही, धुगधुगी नाही. मी त्यांना हलवलं नाही, नुसतं झाकून ठेवलंय. तू लवकर ये बाई, मला एकटीला त्यांच्याकडे बघवत नाही."

आता वाचकहो, तुम्हाला ठाऊक आहे 'ते' कोण. मला तर तुमच्याआधीपासून ठाऊक होतं! मसाला मी चोळला होता! पण काकूंचा तो हुंदका, तो शब्द 'खंबीर'... आमच्या घरात सर्वनामावर चालणारे दोनच जीव होते आणि पाच सेकंदांत मी त्यातल्या चुकीच्या जिवाला पोहोचवलं.

अप्पांना फोन लावला. वाजत राहिला. (घरात, सोफ्यावर. नवऱ्याचा फोन उचलणं आईंच्या शिस्तीत बसत नाही.) आईंचा फोन सतत एंगेज. समीर क्लीनरूममध्ये, त्याचा फोन लॉकरमध्ये. मी रडत रडत मॅनेजरला म्हटलं, "आय हॅव टू गो. माय फादर-इन-लॉ इज कोल्ड."

"ओह! ब्लँकेट आहे ना घरी?" असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला. भला माणूस.

घरी जाताना फ्रीवेवर मी अप्पांना सगळं माफ केलं. माझी लिहून झालेली प्रेझेंटेशनं प्लग उपटून उडवली, ते माफ. ओव्हनचं घड्याळ कायम बारा वाजून शून्य मिनिटं दाखवतं, ते माफ. यापुढे घरातला एकही प्लग मी स्वतः लावणार नाही, अशी शपथही घेतली. (ती मोडली.)

दारात चपलांचे नऊ जोड. आत ज्येष्ठ मंडळी कार्पेटवर मांडी घालून, सोफे रिकामे. कुणीतरी चहाचा थर्मास आणला होता, कुणीतरी गंगाजल. आणि मधोमध काकू आईंचा हात हातात घेऊन बसलेल्या. आई पांढऱ्याफटक. त्यांची समजूत अशी झाली होती, की डुकराची बातमी फुटली आणि मंडळ जाब विचारायला आलंय!

"चूक माझीच," आई डोळे पुसत म्हणत होत्या. "मीच येऊ दिलं त्यांना घरात."

"असं नका हो म्हणू वहिनी! पंचेचाळीस वर्षांची सोबत!"

"कुठली पंचेचाळीस? परवा रात्री तर आले."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. धक्क्यानं भ्रम झालाय, असं त्यांनी मला डोळ्यांनीच कळवलं.

"कुठे ठेवलंय त्यांना, वहिनी?"

"ओट्यावर."

"ओट्यावर?"

"मग? प्लग तिथेच आहे ना. त्याआधी दोन रात्री फ्रिजमध्ये होते."

गंगाजलवाल्या काकांच्या हातातली बाटली कलंडली.

"वहिनी," काकू फार हळू म्हणाल्या, "पोलिसांना कळवलंय का?"

"पोलिसांना कशाला? ईशाला माहीत आहे. तिनंच तर हट्ट धरला. संध्याकाळी सातला सगळे जमलो की काट्यांनी सोडवून पावात भरायचे, असं सूनबाई म्हणाली."

सूनबाई म्हणजे मी. नऊ ज्येष्ठांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि त्या क्षणी, फार उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडलं, पण त्यातून रडण्याऐवजी हसू फुटलं. (सासरे गेलेल्या घरात खदाखदा हसणारी सून मंडळानं प्रथमच पाहिली.)

तेवढ्यात दार उघडून अप्पा आत आले. हाफपँट, गळ्यात टॉवेल. त्यांनी खोलीकडे पाहिलं, प्रसंग ओळखला, बूट काढले, हळूच मागच्या ओळीत मांडी घातली आणि शेजारच्या सरनाईक काकांच्या कानाशी लागून विचारलं,

"कोण गेलं?"

काका मान न वळवता म्हणाले, "तुम्ही."

"अरेरे," अप्पा म्हणाले. "कधी?"

मग जो गोंधळ झाला, तो तुमच्या कल्पनेवर सोडते. किंचाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, अप्पांना चिमटे काढून झाले, प्लग कुणी उपटला त्याचाही तपास लागला. थर्मासमधला चहा सगळ्यात आधी मयतानंच घेतला. आणि सगळं शांत होतंय तोच काकूंनी तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारणारच होतं.

"पण मग ओट्यावर... ते कोण?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मोदक होते, पिठी होती, चार वर्षं होती. मी देवासमोर शब्द दिला होता, तेव्हा मी पुढे सरसावले.

"कासव!" मी म्हटलं.

"कासव?"

"ईशाचं. पाळलेलं. फार लाडकं होतं. वारलं बिचारं."

"आणि ते तुम्ही पावात भरणार होतात?"

हातानं कासवाचा आकार दाखवून झाला होता, तो हात तसाच हवेत राहिला. अप्पा उत्सुकतेनं बघत होते. आणि मग आई उठल्या. पदर खोचला. नवरा परत मिळालेल्या बाईचं जे काही बळ असतं, ते त्यांच्या अंगात आलं असावं.

"सुनेला खोटं बोलायला लावणार नाही मी," त्या म्हणाल्या. "सरनाईकबाई, ओट्यावर डुक्कर आहे. नातीच्या वाढदिवसाला शिजत होतं. मोदक तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा."

डुक्कर! स्पष्ट, खणखणीत, आणि पहिल्यांदाच एकवचनी.

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही सगळे मागोमाग, आई सगळ्यांत शेवटी. काकूंनी पिवळा कागद वाचला. झाकण उचलून आत नजर टाकली. बोटानं एकदा दाबून पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, लोंबणारा प्लग पाहिला, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून, सगळ्या मंडळासमोर, निघून गेलं:

"अगं, मग आत्ता अकराला लावून सातला काय होतंय? खांद्याच्या तुकड्याला दहा तास लागतात!"