घड्याळकाका आणि लाल-हिरवी माळ

घड्याळकाका आमच्या समोरच्या घरात राहायचे. बत्तीस वर्षं त्यांनी एकाच दुकानात, एकाच स्टुलावर बसून मनगटी घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद करायची वेळ आली तेव्हा मालकाने विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" काका म्हणाले, "स्टूल द्या. दुसऱ्या कशावर बसलो की माझा हात हलतो." मग एक भिंग, तीन चिमटे आणि ते स्टूल घेऊन काका घरी आले.

घरात राज्य काकूंचं. काकू मण्यांचे दागिने करायच्या. मागच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल होतं आणि त्यावर काचेच्या बरण्या: काचेचे मणी, लाकडाचे, हाडाचे, दगडाचे, मोहरीएवढे बारीक आणि बोराएवढे मोठेही. काकांना त्या टेबलाला हात लावायची परवानगी नव्हती. "तुम्ही पेपर वाचा," असं त्यांना रोज सांगितलं जाई आणि ते बिचारे तोच पेपर दोनदा वाचत.

पण त्याच वर्षी काकूंच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सुई धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, बोटांना विश्रांती द्या. आठवडाभर काकूंनी ऐकलं नाही. मग एका सकाळी हातातून वाटी निसटली आणि अख्खी फरशी मण्यांनी भरली. काका गुडघे टेकून, डोळ्याला भिंग लावून एकेक मणी चिमट्याने उचलू लागले. तासाभराने काकू म्हणाल्या, "अहो, या स्टूल घेऊन इकडे."

शिकवणी कडक होती. "आधी मणी पारखायचा. बघितला आणि ओवला असं नाही चालत. भोकातून सुई फिरवा. कड खरखरीत लागली तर तो मणी बाजूला, नाहीतर चार महिन्यांत दोरा कापून टाकेल. आता या फडक्यावर घरंगळवा. सरळ गेला तर भोक मधोमध आहे. वाकडा गेला तर माळेत तो मान वाकडी करूनच बसणार, तुमच्या मोठ्या भावासारखा."

"भावाला मध्ये आणू नकोस गं."

"बरं, नाही आणत. वजनदार मणी पुढे, छातीवर येतील असे. मानेमागे हलके. तिथे जड घातले की माळ सारखी फिरते आणि बाई दिवसभर ती सरळ करत बसते."

काका हे सगळं महिनाभरात शिकले. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्यावर दोन मण्यांमध्ये गाठ मारायला तर ते काकूंपेक्षा सफाईने शिकले. गाठ चिमट्याने सरकवत मण्याला अशी भिडवायचे की मध्ये केस शिरणार नाही. पण एक काम त्यांनी कधीच केलं नाही. रंग निवडणं काकूंकडे. काकू बरण्यांमधून मणी काढून ताटलीत क्रमाने मांडून द्यायच्या आणि काका तसेच ओवायचे.

त्यामागचं कारण फक्त काकूंना ठाऊक होतं. काकांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. विशीत असताना ते रेल्वेच्या नोकरीसाठी लेखी परीक्षा पास झाले होते. मग डोळे तपासणाऱ्याने त्यांच्यापुढे ठिपक्यांची चित्रं धरली आणि विचारलं, यात कोणता आकडा आहे? काकांना नुसते ठिपके दिसले. घरी आल्यावर वडील शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "याला लाल-हिरवंही कळत नाही, हा गाड्या काय थांबवणार!" सगळे हसले. त्यानंतर काकांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. काकूंनाही सांगितली नव्हती. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी लाल बादली मागितली, काकांनी हिरवी आणून दिली, आणि काकू काय समजायचं ते समजल्या.

दोन वर्षं अशी छान गेली. मग मुलीचं बाळंतपण आलं आणि काकू दीड महिन्यासाठी तिच्या गावी गेल्या. जाताना पंधरा माळांचे मणी ताटल्यांमध्ये मांडून, वर झाकणं ठेवून गेल्या. "नवीन काम घेऊ नका," असंही बजावून गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात इस्पितळातल्या एक सिस्टर आल्या. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत त्यांच्या आईची तुटलेली माळ, सगळे मणी सुटे. जुन्या दोऱ्याचा बोटभर तुकडा तेवढा शिल्लक होता आणि त्यावर तीन मणी.

"काका, लाल-हिरवी माळ आहे. दोन लाल, एक हिरवा, अशी शेवटपर्यंत. माझी बदली झालीय, रविवारी निघतेय. आई गेल्यापासून डबा तसाच पडलाय. एवढं करून द्याल?"

नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं होतं. पण सिस्टर रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या. पायातले बूटही इस्पितळातलेच. काकांच्या तोंडून "शनिवारी या" असं गेलं.

संध्याकाळी फोनवर त्यांनी काकूंना सांगितलं. काकू आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "असू दे. समोरच्या पोरीला बोलवा, ती मणी वेगळे करून देईल. पाच मिनिटांचं काम."

समोरची पोरगी म्हणजे मी. काका "हो" म्हणाले, पण त्यांनी आमचं दार वाजवलं नाही. चाळीस वर्षं झाकलेली गोष्ट शेजारच्या मुलीला कशी सांगायची, हे त्यांना कळेना.

त्याऐवजी त्यांनी भिंग लावलं. दोऱ्यावरचे ते तीन मणी बराच वेळ पाहिले आणि त्यांना वाट सापडली. पहिले दोन साच्यातले होते, कडेने केसासारखी बारीक शिवण दिसत होती. तिसरा हाताने वळलेला, भोकाभोवती काचेचा उंचवटा असलेला. म्हणजे शिवणीचे ते लाल, उंचवट्याचे ते हिरवे. काका खूश झाले. रंगाची गरजच काय!

दोन बशांमध्ये मणी वेगळे केले आणि शुक्रवारी ओवायला बसले. दोन शिवणीचे, एक उंचवट्याचा. माळ झरझर वाढत गेली आणि अचानक उंचवट्याचे मणी संपले. शिवणीचे मात्र एकवीस उरले.

काकांनी जमीन झाडली, डबा उलटा केला, खिसेसुद्धा पाहिले. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं. हे त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितलं, जरा मान खाली घालून. "कळलं होतं गं. पण मी मनाला समजावलं, की मानेमागे सगळे लालच असतील, कुणाला दिसतंय." त्यांनी ते एकवीस मागे ओवले आणि हूक लावून टाकला.

शनिवारी सिस्टर आल्या. माळ घेऊन खिडकीपाशी गेल्या. त्यांचा हात गळ्याकडे जाता जाता थांबला.

"काका, हे इथे हिरवा मध्येच आलाय. आणि इथेही. मागे तर सगळी मिसळच झालीय."

काका म्हणाले, "दाखवा." मग म्हणाले, "नाही, दाखवून उपयोग नाही." स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. काम घ्यायलाच नको होतं. घेतल्यावर तरी सांगायला हवं होतं. चूक झाली."

सिस्टरांनी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

"आमच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांचंही तसंच आहे," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या अंगावर पुरळ आलं की मला हाक मारतात, सिस्टर, लाल आहे का हो? मी सांगते, ते औषध लिहितात. बारा वर्षं चाललंय. तुम्ही एवढं तोंड कशाला पाडताय? कात्री कुठंय?"

काकांनी दोरा कापला. सिस्टरांनी मणी ताटलीत ओतले आणि बोलता बोलता वेगळे केले. शिवणीच्या मण्यांमध्ये सात हिरवे निघाले. आधी कधीतरी माळ तुटली असणार, काही मणी हरवले असणार आणि दुरुस्त करणाऱ्याने साच्यातले हिरवे घालून वेळ मारून नेली असणार. आईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, किंवा तिच्या लक्षातच आलं नसेल.

आता माळ बरोबर जुळली. काका गाठी मारू लागले. अठ्ठ्याहत्तर मणी, प्रत्येकामागे एक गाठ. सिस्टर पाहत होत्या, मग पाहता पाहता खुर्चीतच झोपल्या. दोन तासांनी काकांनी टेबलावर बोट वाजवलं.

सिस्टरांनी माळ गळ्यात घातली, आरशात पाहिली आणि नाक पुसलं. काकांनी कामाचे पैसे घ्यायला साफ नकार दिला, त्यावरून दारात दोघांची चांगलीच हुज्जत झाली.

त्यानंतरच्या सोमवारी काकांनी आमचं दार वाजवलं. "जरा येतेस का? बरण्यांवर रंगांची नावं लिहायचीत. मला दिसत नाहीत." एवढं सरळ बोलले की मला वाटलं, ही गोष्ट सगळ्यांना आधीपासून माहीतच आहे. मी चाळीस-पंचेचाळीस चिठ्ठ्या चिकटवल्या. काकू परत आल्या तेव्हा नातवाचं कौतुक सांगायच्या आधी त्यांनी माझ्या अक्षराला नावं ठेवली. "पोपटीला हिरवा कोणी लिहिलंय?"

पुढे गिऱ्हाईक आलं की काका आपणहून सांगायचे, "रंग तुमच्या आणि हिच्या पसंतीने ठरवा. मणी टिकेल का, माळ नीट बसेल का, ते मी बघतो." लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काही जणी घरातले जुने मणी घेऊन नुसतं पारखून घ्यायला यायच्या. काका मणी गालाला लावून सांगायचे, हा काचेचा, गार लागतो; हा प्लास्टिकचा, बाईंना फसवलंय कुणीतरी.

काकूंच्या साठीला त्यांनी एक माळ केली, पहिल्यांदाच कुणालाही न विचारता. बरण्यांवरच्या चिठ्ठ्याही वाचल्या नाहीत. हाताला गुळगुळीत लागतील, वजनाला एकमेकांना शोभतील, असे मणी घेतले. काकूंनी ती उजेडात धरून उलटसुलट फिरवली.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"रंगांची मारामारी चाललीय नुसती," काकू म्हणाल्या. मग ती गळ्यात घालून मान इकडे-तिकडे वळवून पाहिली. "पण बसलीय मात्र छान. जरासुद्धा फिरत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या तीच माळ घालून बँकेत गेल्या.