प्रेमलालकाकांची खरेदी

साठी उलटेपर्यंत प्रेमलालकाकांनी कोणासाठी काही विकत आणलं नव्हतं. कंजूष होते म्हणून नव्हे. पगार आनंदीकाकूंच्या हाती द्यायचा आणि पुढचं सगळं काकूंनी बघायचं, अशी त्या घराची रीतच होती. काका भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत माणसं आणि माल खाली-वर नेणारा पाळणा चालवायचे. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. सण यायचे तेव्हा काका बहुधा ड्यूटीवर असायचे किंवा झोपलेले असायचे. जागे झाले की घरात पाहुणे दिसायचे, पाहुण्यांच्या हातात पिशव्या दिसायच्या. त्या पिशव्यांत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही.

काकूंचं देणं मात्र बालाघाटच्या आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतं. नातवाच्या बारशाला त्या जुन्या मऊ धोतरांची गोधडी शिवत, नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला तिच्याच माहेरच्या पद्धतीचे हलव्याचे दागिने करून देत. गुजरी बाजारात त्या भाजी घ्यायला गेल्या तरी डोळे इकडेतिकडे फिरत असायचे. हे पौर्णिमेला चांगलं दिसेल, ते श्रुतिकाच्या कामाला येईल. पौर्णिमा ही त्यांची लेक, लामत्याला दिलेली. श्रुतिका सून, नागपुरात राहणारी.

काका रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आषाढात काकू नळाच्या ओट्यावर शेवाळावरून घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर चढलं. डॉक्टरांनी पाय खाली ठेवायचा नाही म्हणून सांगितलं. भात-वरण काकांना जमत होतं, धुणंही जमलं. पण राखी जवळ आली तेव्हा काकूंनी खाटेवरूनच सांगितलं की आता बाजारात तुम्हालाच जावं लागणार.

काका काली पुतली चौकातल्या एका कापडाच्या दुकानात गेले आणि चहा थंड होण्याआधी परत आले. पिशवीत तीन साड्या होत्या. एक बहिणीची, एक लेकीची, एक सुनेची. तिन्ही पोपटी, तिन्ही एकाच काठाच्या. दुकानदाराने दाखवलेली पहिली साडी त्यांना बरी वाटली, म्हणून त्यांनी तशाच तीन बांधून घेतल्या. खाणीत गणवेश असेच मिळायचे.

काकूंनी तिन्ही साड्या मांडीवर घेतल्या. एकीचा काठ दुसरीला लावून पाहिला.

“तुमची बहीण, पौर्णिमा अन् श्रुतिका, तिघी एकाच रंगात. बँडवाल्या हायेत काय?”

काकांनी विचारलं, मग काय आणायचं होतं? काकूंनी सांगितलं की लेकीचं आणि सुनेचं त्या बघतील, फोनवर कोणाला तरी सांगून मागवतील. बाईचं मात्र त्यांनाही कळत नाही. बाई म्हणजे काकांची मोठी बहीण गोदाबाई, हट्ट्याला राहणारी. इतकी वर्षं दर राखीला आणि दर भाऊबीजेला काकूंनी तिला लुगडं दिलं. ती घेते, कुंकू लावून घेते, घडी न मोडता घेऊन जाते. अंगावर कधी दिसत नाही. एकदा चांदीचा करंडा दिला, तर तो तिने सुनेला देऊन टाकला.

“तिले काय आवडते, मले आजवर नाही समजलं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही तिचे भाऊ हा. तुम्हाले मालूम असन.”

काका विचार करू लागले. त्यांना बहिणीच्या हातचं आंबाडीचं शरबत आठवलं, तिचा आवाज आठवला. पण ते त्यांना आवडणारं होतं. तिला आवडणारी एकही गोष्ट त्यांना सांगता येईना. त्या दुपारी ते नेहमीसारखे आडवे झाले नाहीत, असं काकूंनी नंतर मला सांगितलं.

राखीला दरवर्षी गोदाबाई बालाघाटला यायची. या वेळी काका स्वतः हट्ट्याच्या बसमध्ये बसले. पोपटी साड्यांपैकी एक सोबत होती. दुसरं काही सुचलंच नव्हतं.

गोदाबाईने ओवाळलं, राखी बांधली, साडी कपाळाला लावली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने पेटी उघडली. काका पाणी प्यायला उठले होते म्हणून त्यांना दिसलं. पेटीत लुगड्यांची चळत होती, काकूंनी दिलेली सगळी, दुकानातल्या घडीसकट. पोपटी साडी त्यांच्यावर ठेवून तिने झाकण लावलं.

एरवी काका जेवून लगेच निघाले असते. त्या दिवशी ते ओसरीवर बसून राहिले. गोदाबाईची नात रचना, सहा-सात वर्षांची, मागच्या वर्षीचा लाकडी नंदी घेऊन आली. पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं आपापले लाकडी बैल सजवून गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मैदानात, तोरणाखाली नेतात, आणि मोठी माणसं त्यांना खाऊ, पैसे, काहीबाही देतात. त्याला बोजारा म्हणतात. रचनाच्या नंदीचं एक चाक निखळलं होतं.

गोदाबाईने नंदी मांडीवर घेतला. खिळा दगडाने ठोकून चाक बसवलं. काम झालं तरी तिने तो खाली ठेवला नाही. पदराने पाठ पुसली, शिंगांवरून अंगठा फिरवला, गळ्याशी हात नेला. रचना हात पुढे करून उभी होती. काका बघत होते.

ते म्हणाले, “बाई, असाच नंदी आपल्या घरी होता.”

“आपला नोहे,” गोदाबाई म्हणाली. “तुह्या होता.”

तिने ते रागाने म्हटलं नाही. काकांनी विचारलं तसं ती सांगत गेली. तिरोडीजवळच्या त्यांच्या गावी बाबांनी शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा नंदी करवून घेतला होता. त्याला हळद तिनेच लावायची, झूल तिनेच आपल्या फाटलेल्या परकराची करायची. आखरापर्यंत दोरी धरून तीच ओढत न्यायची, कारण काका तेव्हा लहान होते आणि चालताना दोरीत पाय अडकून पडायचे. तोरण आलं की दोरी काकांच्या हातात द्यायची आणि आपण भिंतीकडे बायांमध्ये जाऊन उभं राहायचं. पोरीच्या हाती दोरी तेव्हा चालत नव्हती. बोजारा काकांना मिळायचा, त्यातलं खोबरं ते तिला द्यायचे. “तू देत होता हा,” असं तिने मुद्दाम सांगितलं. मग रचनाला नंदी दिला आणि चहाचं बघायला आत गेली.

काकांना यातलं काही आठवत नव्हतं. नंदी आठवत होता, तोरण आठवत होतं. दोरी आपल्या हातात कुठून यायची, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं काकूंना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि “मंग?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी काका दुलीचंद सुताराकडे गेले. पोळ्याच्या आधी दुलीचंदकडे नंद्यांची रांग लागलेली असते. काकांनी तयार नंदी बघितले, पण त्यांना हवा तसा त्यात नव्हता. शिवणीच्या लाकडाचा पाहिजे, शिंगं जरा मागे वळलेली पाहिजेत आणि दोरी लांब पाहिजे, असं ते म्हणाले.

दुलीचंदने विचारलं, “पोरगं केवढं हाये? त्या हिशोबानं उंची ठेवतो.”

“पोरगं नोहे. माही बहीण हाये.”

“लहान हाये का?”

“माह्याहून मोठी हाये,” काका म्हणाले.

दुलीचंदने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि उंची जरा जास्त धरली.

काकूंनाही आता राहवेना. दोन पोपटी साड्या दुकानदाराने परत घेतल्या नव्हत्याच. त्यातल्या एकीचा काठ कापून त्यांनी खाटेवर पाय लांब करून नंदीची झूल शिवली, कडेला मणी लावले. गळ्यातली घुंगरं काकांनी हनुमान चौकात स्वतः निवडली. दुकानदार सगळी सारखीच आहेत म्हणत होता. काका एकेक हलवून कानाशी नेत बसले होते.

पोळ्याच्या दिवशी ते नंदी कापडात बांधून हट्ट्याला घेऊन गेले. गोदाबाईने कापड सोडलं आणि विचारलं, “रचनासाठी?”

“नाही. तुह्यासाठी.”

ती नंदीकडे पाहत राहिली. मग तिने तो फळीवर डब्यांच्या शेजारी ठेवला, “याड लागलं का तुले” म्हणाली आणि पुऱ्या तळायला गेली. दिवसभरात परत त्याचं नाव काढलं नाही. बैलांची पूजा झाली, जेवणं झाली. काकांना वाटलं, चुकलंच आपलं. म्हाताऱ्या बाईला खेळणं आणून आपण तिची थट्टा केली की काय, असं त्यांना वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघायचं त्यांनी ठरवलं, पण रचनाने त्यांची चप्पल लपवली. तिला आजोबा तान्ह्या पोळ्याला हवे होते.

दुपारी मुलं निघायच्या वेळी गोदाबाई आतून बाहेर आली. अंगावर जांभळं लुगडं होतं, पेटीतलं. घड्यांच्या रेघा तशाच उमटलेल्या होत्या आणि निऱ्या कडक उभ्या राहिल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू. एका हातात रचनाचा हात, दुसऱ्या हातात दोरी. नंदीला हळद लावलेली होती. ती कधी लावली ते सुनेलाही कळलं नव्हतं.

हट्ट्याच्या त्या रस्त्यावर बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. काही हसल्या, एकीने मोबाइल काढला. गोदाबाई खाली बघून चालत होती, नंदी दगडाला अडला की थांबायची, सोडवायची, पुढे जायची. आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. मुलांच्या दोन रांगा होत्या, लहान गट आणि मोठा गट. देखरेखीला महागू नावाचे गावातले म्हातारे होते. त्यांनी गोदाबाईला बघून आधी चष्मा सारखा केला.

“गोदाबाई, तुम्हाले कोणत्या गटात टाकू?”

“लहान,” ती म्हणाली. “माही पहिलीच खेप हाये.”

महागूंनी मुलांना सरकायला सांगितलं. ती रचनाच्या मागे उभी राहिली. काका भिंतीकडे बायांमध्ये उभे होते, कारण पुरुषांच्या बाजूला जागाच उरली नव्हती. तिथून तिचा फक्त खांदा आणि दोरी दिसत होती. त्यांचे डोळे भरून आले, असं ते सांगत नाहीत. कोणीतरी पाणी दिलं, एवढंच सांगतात.

बोजाऱ्यात तिला केळं, थोडं खोबरं आणि सगळ्या मुलांना दिला तसाच एक कंपासबॉक्स मिळाला. खोबऱ्याचा तुकडा तिने काकांच्या हातावर ठेवला. कंपासबॉक्स रचनाने मागितला, पण गोदाबाईने दिला नाही. हल्ली ती त्यात सुपारी आणि अडकित्ता ठेवते.

काकूंचं प्लास्टर दसऱ्याआधी निघालं. पण खरेदीचं काम काकांकडेच राहिलं, त्यांनी ते सोडलंच नाही. आता ते आधी माणसाकडे जाऊन बसतात. नागपूरला गेले तेव्हा त्यांनी बघितलं की श्रुतिका सकाळचा चहा ओट्याशी उभ्यानेच पिते, बसायला स्वयंपाकघरात काही नाही. दिवाळीला त्यांनी लामत्याहून बांबूचा बुटका मोढा करवून नेला. श्रुतिकाला मराठी समजते, पण ती बोलते हिंदीच. तिने मोढ्यावर बसून चहाचा पूर्ण कप संपवला आणि म्हणाली, “बाबूजी, ये तो मुझे सूझा ही नहीं था.” पौर्णिमेचं मात्र फसलं. तिच्या अंगणात अंधार असतो म्हणून त्यांनी कपाळाला बांधायची बॅटरी नेली, खाणीत असते तशी. ती बांधून शेण काढायला गेलं की म्हैस बुजते, असं पौर्णिमेने स्पष्ट सांगितलं. आता तिचा नवरा ती बांधून रात्री मासे पकडतो.

राहता राहिल्या काकू. दिवाळीतच काकांच्या लक्षात आलं की सगळ्यांचं झालं, हिचं राहिलं, आणि हिच्याकडे तर आपण रोजच बसतो. त्यांनी पैंजण आणले. पायावर अजून सूज येते म्हणून काकूंनी ते पौर्णिमेला दिले. संक्रांतीला छोटा रेडिओ आणला, तो काकाच ऐकतात. वारासिवनीच्या हातमागाची साडी आणली, ती काकू नेसतात, रंगही छान आहे म्हणतात. पण काकांना आता फरक ओळखता येतो. ही ती गोष्ट नव्हे.

शेवटी त्यांनी सरळ विचारलं. मी तेव्हा त्यांच्याकडे वाटी परत करायला गेले होते, म्हणून समोरच ऐकलं.

“तुले काय पाहिजे ते तूच सांग न.”

काकू लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “सांगतलं तर तुम्ही आजच्या आज घेऊन यान, अन् मंग परत खाटेवर पडून राहान. पाहा अजून.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही ठाऊक असेल असं त्यांना वाटलं असावं. मला ठाऊक नव्हतं. काकूंना तरी ठाऊक असेल का, हे मी सांगू शकत नाही.

यंदा अक्षयतृतीयेच्या आधी काका काकूंसाठी काही मिळतं का बघायला कटंगीच्या बाजाराला निघाले. तिथे जुनी भांडी विकणारा एक माणूस बसतो, असं त्यांना कोणी सांगितलं होतं. त्यांनी पिशवी घेतली, पाण्याची बाटली घेतली. काकू दारापर्यंत आल्या, हळूहळू, भिंतीला हात लावत, आणि म्हणाल्या की येताना चिंचही घेऊन येजा.