टोपीच्या माथ्यावरची वाट

टोपीवाले,

समोर असतात तर मी चिडले असते. त्यापेक्षा निघताना दारातल्या दारात तुम्ही जे सांगितलंत, तेच तिऱ्हाइताची गोष्ट म्हणून सांगते.

एक टोपीवाला होता. दुकान एवढंसं की आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला उलट्या पावली बाहेर यावं लागे. लाकडी डोक्यावर टोपी चढवायची, वाफ द्यायची, आकार बसवायचा, यात त्याचा जन्म गेला. एकुलती एक लेक जगाच्या दुसऱ्या टोकाला. तिचे दिवस भरत आले होते. तिकिटाचं नाव काढलं की हा विषय बदलायचा. कारण भिंतीवरचा नकाशा. त्यावर टेप लावून त्याने बघितलं होतं. इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत नुसतं निळं पाणी.

"मला पोहता येत नाही गं," तो फोनवर म्हणाला.

"विमानातून पोहत कोण जातं, बाबा?"

तिने परोपरीने समजावलं. विमान वरच्या अंगाने, बर्फावरून येतं; दुपारी निघतं आणि दुपारीच पोचतं, मधे सूर्य मावळतच नाही. याला ती थाप वाटली. सरळ रस्ता सोडून वळसा घालायला विमानाला काय वेड लागलंय? शिवाय ती सांगत होती तेवढ्या तासांत टेपवरचं अंतर कापून होणं शक्यच नव्हतं. शेवटी "मग नका येऊ" म्हणून तिने फोन ठेवला.

त्याचं कामात लक्ष लागेना. ठोकळ्यावर एका म्हातारीची पांढरी टोपी होती, काठ कमी करायला आलेली. त्याने दोन्ही कानांच्या जरा वर एकेक टाचणी खोचली. ही लेक, हा मी. मधे काठाच्या बाजूने दोरा ताणला. बोट सुटलं तसा तो आपसूक माथ्याकडे सरकला आणि ढिला पडला. माथ्यावरून ओढून घेतला, तर चांगला चार बोटं उरला.

गोल डोक्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने पृथ्वीला मात्र सपाट कापड समजून टेप लावला होता.

वाफेने काच धुरकटली होती. तो तसाच बसून राहिला. दोऱ्याखाली बर्फाचं रान पसरत गेलं. त्यावरून टाचणीच्या डोक्याएवढं विमान चाललं होतं, त्याची सावली त्याच्याही पुढे. खिडकीला चिकटलेला सूर्य हलायचं नाव घेईना. माणसं पेंगत होती, जागी होत होती, आणि दर वेळी तीच दुपार. पलीकडच्या टाचणीशी कुणीतरी रडत होतं, अगदी नव्या आवाजात.

त्याने फोन लावला.

"खाली बर्फ आहे ना नक्की?"

"आहे, बाबा."

"मग काढ तिकीट. पडलोच तर उभं तरी राहता येईल."

टोपीवाले, म्हातारी कोण ते सांगायला नको. तुमच्या बंद दुकानाच्या काचेतून माझी टोपी दिसते. टाचण्या तशाच आहेत, दोराही ताणलेला आहे. काठ तेवढा दोन बोटं कमी करायचा होता, तो राहिलाच.