शिस्तीचे बाक

टोळीत गेलेल्या माणसाला आमच्या वस्तीत बाहेर पडायला दोनच दारे होती. एक कबरस्तानाचे आणि दुसरे मंडळीचे, म्हणजे वस्तीतल्या चर्चचे. पहिल्या दारावर पहारा नसे. दुसऱ्यावर मात्र खुद्द टोळीच उभी असे. देवाच्या नावाने सुटका मागितली, तर त्या वेळचा म्होरक्या चिंबोलो सहसा नाही म्हणत नसे, कारण देवाला तोही भीत होता. पण सुटलेला माणूस खरेच बदलला की नाही, यावर त्याची बारीक नजर असे. माणूस दारू प्याला, सिगरेट ओढली, नाचाला गेला किंवा त्याने उपासना चुकवली, की त्याने देवाच्या आडून टोळीला फसवले असे ठरे. फसवणुकीची शिक्षा एकच होती. त्यामुळे मंडळीचे नियम तिथल्या कारभारी वडीलजनांपेक्षा नाक्यावरच्या टोळीवाल्यांना जास्त पाठ असत.

एव्हेलिओ मेंहिवार या दुसऱ्या दाराने बाहेर आला होता.

टोळीत असताना कोयता चालवण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने काय काय केले ते वस्तीला ठाऊक होते आणि कोणी त्याच्यासमोर त्याचा उच्चार करत नसे. मग लपवलेला माल पोलिसांच्या हाती लागला आणि संशय त्याच्यावर आला. त्याच्याच सोबत्यांनी त्याला लोखंडी सळ्यांनी झोडपले आणि मेला समजून घळीत लोटून दिले. आमच्या वस्तीचा कचरा त्या घळीत जातो. फुटलेल्या जबड्याने, मोडलेल्या बरगड्यांनी तो एका मेलेल्या कुत्र्याशेजारी पडून राहिला. तिथे त्याला काय झाले, ते पुढे त्याला कधीच नीट सांगता आले नाही.

"मी मेलो," एवढेच तो म्हणे. "आणि वर चढून आला तो दुसराच कोणीतरी होता."

वर आल्यावर त्याने मनात आधी राग शोधला. ज्यांनी मारले त्यांची तोंडे एकेक करून आठवून पाहिली. राग सापडला नाही, तेव्हा तो घाबरला आणि रस्त्यात बसून रडला.

मग तो चिंबोलोकडे गेला आणि देवाच्या नावाने सुटका मागितली. चिंबोलोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "देवाकडे चाललायस? जा. पण त्याची टिंगल केलीस ना, तर उरलेला रस्ता मी दाखवीन."

एव्हेलिओने पंक्चरचे दुकान काढले. मिरनाशी रीतसर लग्न केले. ती दुकानाशेजारीच तव्यावर पुपुसा भाजून विकायची. चीज भरलेल्या मक्याच्या त्या जाड भाकऱ्यांसाठी बसवाले तिच्याकडे थांबत. पाठीवर, छातीवर, मानेपर्यंत गोंदलेले टोळीचे अक्षर झाकायला तो भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणे लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घाली.

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, अब्दियास नियमांचे पक्के होते. पुरुषांनी फुटबॉल पाहायचा नाही, बायकांनी डोके झाकल्याशिवाय आत यायचे नाही, गुत्त्यासमोरच्या पायवाटेनेसुद्धा जायचे नाही. कोणी चुकले, तर त्याला शिस्त लागे. शिस्त म्हणजे दाराजवळचे सगळ्यात मागचे बाक. तिथे बसायचे, गाणे म्हणायचे नाही, प्रभुभोजनाच्या भाकरीला आणि द्राक्षरसाला हात लावायचा नाही.

लोक त्यांना कठोर म्हणत, पण त्यामागे एक गोष्ट होती. नोएल नावाचा एक जण टोळी सोडून आला होता. बहिणीच्या लग्नात तो बिअरचा एक डबा प्याला. पाळकांना ते कळले आणि त्यांनी दया दाखवली, गप्प राहिले. टोळीला मात्र कळायचे राहिले नाही. नोएलला त्यांनी मंडळीच्या पायरीवर कापला आणि मंडळी लबाडांना लपवते म्हणून त्याच्यासोबतच्या आणखी दोघांना उचलले. पायरी पाळकांनी स्वतः धुतली. तेव्हापासून दया हा शब्द त्यांच्या तोंडून फारसा निघाला नाही.

"दारू सोडून किती झालं रे तुला?" एकदा पाळकांनी एव्हेलिओला विचारले.

"मी सोडली नाही, पाळकसाहेब. मला नकोशीच झाली."

"असं बोलू नकोस. आज नकोशी झाली, उद्या हवीशी होईल. नियम धरून राहा. नियमाने माणूस जगतो."

एव्हेलिओने मान डोलावली. घरी येऊन तो मिरनाला म्हणाला, "पाळकसाहेबांना वाटतं मी बांधलेला कुत्रा आहे. दोर सुटला की चावेन."

"नाहीतर काय!" मिरना म्हणाली. "काल माझ्या तव्यावरचं सगळं चीज कोणी चाटलं?"

प्रभुभोजनाचा रविवार होता. मिरना आधीच पुढे गेली होती. दुपारी एव्हेलिओ अंघोळ करून, पांढरा सदरा घालून निघाला. चाबेलाबाईच्या गुत्त्याला वळसा घालून जाणार, तोच आतून बाईचीच किंकाळी आली.

लोक दारातून बाहेर पळत होते. आत खाटीक लिसांद्रो हातात कोयता घेऊन झुलत उभा होता आणि चांभार साउल जमिनीवर पडला होता. पत्त्यांवरून भांडण झाले होते. साउलच्या मानेपासून खांद्यापर्यंत मांस उघडे पडले होते आणि रक्त उसळ्या मारत होते.

एव्हेलिओ उंबऱ्याबाहेर थांबला. समोरच्या नाक्यावर टोळीचे दोघे भिंतीला टेकून त्याच्याकडेच पाहत होते. त्याने त्यांना पाहिले आणि तो आत गेला.

"बाजूला हो, पंक्चरवाल्या! त्याला संपवायचाय मला," लिसांद्रो ओरडला आणि त्याने पुन्हा कोयता उगारला.

एव्हेलिओच्या हाताला सगळे आठवत होते. त्याने स्टूल उचलून लिसांद्रोच्या कोपरावर घातले. हाड मोडल्याचा आवाज झाला, कोयता पडला. दुसरा फटका गुडघ्यावर बसला आणि खाटीक कोसळला. तिसऱ्यासाठी स्टूल वर गेले होते. समोर डोके होते, जागा नेमकी ठाऊक होती. एव्हेलिओने स्टूल खाली ठेवले.

त्याने सदरा फाडून साउलच्या मानेत कोंबला. फळीवरची उसाच्या दारूची बाटली फोडून जखमेवर ओतली. साउल किंचाळला, त्याला लाथा मारू लागला. त्याला खांद्यावर टाकून एव्हेलिओ उघड्या अंगाने बाहेर आला. पाठीवरचे ते अक्षर भर उन्हात सगळ्या वस्तीने पाहिले. रक्ताचा आणि दारूचा भपकारा येत होता. एक टेम्पोवाला थांबला आणि ते दवाखान्यात पोचले. साउल वाचला. तोपर्यंत मंडळीत भाकरी वाटून संपली होती.

वडीलजनांची बैठक दुसऱ्याच दिवशी बसली. गुत्त्यात शिरला, प्रभूच्या दिवशी हात उचलला, अंग उघडे टाकले, प्रभुभोजन चुकवले.

"माणूस मरत होता," मिरना दारातूनच ओरडली. ती तव्यावरून उठून तशीच आली होती, डोके झाकायचेही भान तिला नव्हते.

"बाई, आधी डोक्यावर काहीतरी घे," ओव्हिदिओ वडील म्हणाले.

"घेते ना! त्याच्या प्रेतावर घालायला आणलेलंच घेते. पाळकसाहेब, तुम्ही त्याला मागच्या बाकावर नाही बसवत, खड्ड्यात बसवताय. टोळी काय समजेल, ठाऊक नाही तुम्हाला?"

पाळकांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या मंडळीत टोळीतून आलेले आणखी कितीतरी जण होते. एकाला सूट दिली, तर चिंबोलो ते दुसरे दार सगळ्यांसाठीच बंद करील, हे नोएलच्या वेळी ते शिकले होते. त्यांनी शिस्त लावली.

त्याच संध्याकाळी टोळीने एव्हेलिओला पाण्याच्या टाकीपाशी बोलावले. चिंबोलो टाकीच्या कठड्यावर बसून आंबा खात होता.

"प्यालास?"

"नाही."

"गुत्त्यात गेलास?"

"गेलो."

"लिसांद्रोचा हात मोडलास. तो मला दर महिन्याला हप्ता देतो, माहितीये?"

"माहितीये."

"आणि तुझ्या पाळकानं तुला मागे बसवलंय. म्हणजे देवानंच हाकललंय तुला." त्याने आंब्याची कोय फेकून दिली. "रविवारी माझी माणसं दारात असतील. तुझा पाळक तुला पुढे बसवतो की नाही, ते बघतील. नाही बसवलं, तर बाहेर ये, मी वाट बघतो. पळायचं मनात आणू नकोस. तुझी बायको कुठे पुपुसा भाजते, ते मला माहितीये."

रविवारी उपासनेआधी पाळकांनी एव्हेलिओला बाजूला घेतले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"ऐक. सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, मी गुत्त्यात शिरलो, ते पाप झालं, मला पश्चात्ताप होतो. एवढंच म्हण. मी तिथल्या तिथे शिस्त उठवतो आणि तुला हाताला धरून पहिल्या बाकावर नेतो. नियमातच आहे ते."

"साउलला मरू द्यायला हवं होतं, असं म्हणू?"

"असं कोण म्हणतंय? गुत्त्याबद्दल म्हण फक्त."

"साउल गुत्त्यातच पडला होता, पाळकसाहेब."

"अरे, जीव जाईल तुझा! दोन शब्दांनी काय बिघडतं?"

मरायची एव्हेलिओला मुळीच इच्छा नव्हती. "त्या घळीत देवानं मला जे दिलं, त्यानंच मला गुत्त्याच्या आत ढकललं," तो शेवटी म्हणाला. "आधीचा मी असतो, तर साउलच्या अंगावरून पाय टाकून गेलो असतो. त्याचाच पश्चात्ताप करू, तर मग माझा जन्म कसला?"

उपासनेत पाळकांनी त्याचे नाव घेतले. तो मागच्या बाकावरून उभा राहिला. दारात टोळीचे दोघे टोप्या काढून उभे होते.

"मी पुष्कळ पापं केलीत," एव्हेलिओ म्हणाला. "स्टूल उचललं तेव्हा त्याचं डोकं फोडावंसं वाटलं, त्याची मी माफी मागतो. गुत्त्यात गेलो त्याची मागत नाही. पुन्हा कोणी पडला, तर पुन्हा जाईन."

मिरनाने तोंडावर हात दाबला. पाळक तसेच उभे राहिले. शिस्त उठली नाही.

एव्हेलिओ मागच्या बाकावरून सरळ दाराकडे चालत गेला. आपण बसून राहिलो, तर ते आत येतील आणि कोणाला तरी लागेल, हे त्याला ठाऊक होते.

चिंबोलो अंगणात होता. दोघांनी त्याच्या कानात सगळे सांगितले. त्याने पुन्हा विचारून घेतले, "म्हणजे माफी नाही मागितली?"

"नाही."

चिंबोलोने एव्हेलिओकडे पाहिले. "येड्या, मागायची ना! मला फसवायला आलेला प्रत्येक जण आधी माफीच मागतो. नोएल तर पाया पडला होता. तू फसवायला आलेला नाहीस." तो जमिनीवर थुंकला. "जीव तुझा, तुझ्या देवाचा. पण हात माझ्या गल्लीत उचललास. ते हात माझे."

त्यांनी त्याला पायरीवर आडवा पाडला. एकाने छातीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने हात दगडी कठड्यावर ताणून धरला. चिंबोलोने सळई घेतली. पहिल्या घावाला एव्हेलिओ ओरडला, ती आरोळी आत प्रत्येकाच्या कानावर आली. दुसरा हात धरताना त्याने मान वळवली, म्हणून एक लाथ तोंडावर बसली. सळई पुन्हा वर गेली तेव्हा पाळक अब्दियास धावत आले आणि त्या हातावर पालथे पडले. घाव त्यांच्या खांद्यावर बसला.

"बाजूला हो, म्हाताऱ्या!"

"नाही होत."

"नियमाप्रमाणे चाललंय. तुझेच नियम."

"माझेच होते," पाळक म्हणाले. ते उठले नाहीत. त्यांना दोघांनी पाय धरून ओढले, पायरीवरून फरफटत नेले आणि मग दुसऱ्या हाताचेही काम पुरे केले. चिंबोलोने सळई सदऱ्याला पुसली आणि तो माणसांना घेऊन निघून गेला.

पुढच्या प्रभुभोजनाला एव्हेलिओ आला तो मागच्याच बाकावर बसला. शिस्त उठलेली नव्हती. वडीलजनांचे एकमत होत नव्हते. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. मिरना शेजारी होती.

भाकरीचे ताट पुढच्या बाकांवरून फिरले, द्राक्षरसाचे पेले फिरले. मग पाळक गळ्यात अडकवलेला हात सांभाळत एका हातात भाकरी आणि पेला ठेवलेले ताट घेऊन मधल्या वाटेने मागे चालत गेले.

"पाळकसाहेब," ओव्हिदिओ वडील अर्धवट उठून म्हणाले, "शिस्त अजून आहे त्याला."

"आहे," पाळक म्हणाले आणि चालत राहिले.

ताट त्यांनी बाकावर ठेवले. एव्हेलिओला काही धरता येणार नव्हते. पाळक खाली वाकले, भाकरीचा तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला आणि पेला ओठाला लावला. एकाच हाताने पेला नीट कलता होईना. रस हनुवटीवरून ओघळून त्याच्या गळाबंद सदऱ्यावर आला.

"हळू, पाळकसाहेब," मिरना डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने पुसत म्हणाली. "त्याच्या तोंडात आतून अजून टाके आहेत."