मिक्स माल

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या मानेतली गाठ काढून तपासली, पण ती लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरची, की साध्या सुजेची, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरेना. दोन हजार सालानंतरची गोष्ट. नमुना जनुकीय तपासणीसाठी मुंबईला गेला. नाशिकच्या डॉक्टरांनी मला आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं, ‘‘रोगाशी लढणाऱ्या या पेशींमध्ये प्रत्येकीच्या जनुकांची जुळणी निराळी असते. कॅन्सर असेल तर बहुतेक सगळ्या एकाच पेशीपासून वाढलेल्या, म्हणून सारख्याच निघतात.’’

मी विज्ञान शिकत होते, तरी वही काढून आकृती काढू लागले. वडिलांना आकृतीची गरजच लागली नाही. ते म्हणाले, ‘‘म्हंजी एकाच वेलाच्या काड्या लावून बाग उभी केल्यावानी. आपल्याला मिक्स पाहिजे.’’ डॉक्टर खूश झाले. मी वही मुकाट्याने मिटली.

रिपोर्ट आला तेव्हा दिंडोरीला आमच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. माल उतरत असताना वडील दवाखान्यात येतील तर शपथ. मी एकटीच गेले. डॉक्टरांनी कागद वाचला आणि हसले. पेशी वेगवेगळ्या होत्या. ‘‘कॅन्सर दिसत नाही. पण सहा महिन्यांनी परत दाखवा,’’ ते म्हणाले.

मी समोरच्या बूथवर पळाले, डब्यात रुपया टाकला आणि आईला ओरडून सांगितलं, ‘‘माल मिक्स निघाला!’’ आणखी बोलणार तोच फोन कटला. सुट्टा रुपया नव्हता आणि एसटी लागलेली होती. माझ्या घाईला काय म्हणावं!

घरी पोचले तर शेडमधलं पॅकिंग बंद. आई क्रेटवर बसलेली, आजूबाजूला पॅकिंगच्या बायका जमलेल्या. आई दवाखान्यात कधी आलीच नव्हती. तिला त्या काड्यांची गोष्ट सांगायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. आणि या बाईची सगळी हयात प्रतवारीत गेलेली. पेटीत एक घड वेगळा दिसला तरी ती पेटी उलटी करायची.

मी रिपोर्ट उघडू लागले तशी म्हणाली, ‘‘मिक्स मालाचं काय व्हतं ते मला नको सांगू.’’

‘‘अगं, एकजात असता तर कॅन्सर होता. अण्णांना काही नाही झालेलं!’’

तिने माझं बोलणं दोनदा वदवून घेतलं. मग पदरात तोंड खुपसून रडली, आणि तोंड वर काढलं ते मला शिव्या देतच. वडील बागेतून आले तर त्यांच्याही वाटणीच्या निघाल्या. ते म्हणाले, ‘‘मला काय ठाव, तू माझीबी प्रतवारी करशील?’’ बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मला इतका आनंद झाला होता की शिव्याही गोड लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना द्यायची पेटी आईने स्वतः भरली. काळी, हिरवी, लांब, गोल, शेजारच्या बागेतून मागून आणलेलीसुद्धा. कुठलेच दोन घड सारखे नव्हते. आमच्या शेडमधून तशी पेटी त्याआधी कधी बाहेर पडली नव्हती.